200 लिटर समुद्र

खाऱ्या पाण्याच्या मत्स्यपेटीत मासा जिथे जेवतो तिथेच झोपतो आणि तिथेच विधीही उरकतो. गाळण यंत्रणेचे सारे शास्त्र या एका अडचणीतून निघाले आहे. समुद्रात एका क्लाउनफिशच्या वाट्याला इतके पाणी असते की तिने जन्मभरात केलेल्या घाणीची कोणी दखल घेत नाही. ठाण्यातल्या किंवा पुण्यातल्या दोन बेडरूमच्या फ्लॅटमध्ये तीन फूट लांब, दीड फूट रुंद आणि दीड फूट उंच काचपेटी आणली, तर हिशेबाने तीत 191 लिटर पाणी बसते. तळाची वाळू, मधले दगड आणि वरची रिकामी पट्टी वजा जाता माशाच्या हाती दीडशेच्या आसपासच लागतात. बिल्डरकडून फ्लॅट घेतलेल्या माणसाला या वजाबाकीचे नवल वाटत नाही. पेटीखालच्या कपाटात यंत्रे ठेवण्यासाठी जी दुसरी टाकी असते, तिला संप म्हणतात. तिच्यातले पाणी धरले की आकडा पुन्हा 200 च्या घरात जातो. पुढचे सगळे हिशेब या 200 लिटरचे आहेत.

घरात समुद्र ठेवण्याची हौस इंग्लंडात वाढली. 1846 मध्ये अ‍ॅना थिन या बाईंनी टॉर्कीच्या किनाऱ्यावरून दगडी प्रवाळ लंडनला आणले आणि ते जगावेत म्हणून पाण्याला हवा द्यायची सोय केली. घरची मोलकरीण उघड्या खिडकीपाशी उभी राहून रोज अर्धा-पाऊण तास ते पाणी एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात वरून ओतत असे. लाइट गेली म्हणून ही यंत्रणा बंद पडत नसे. फिलिप हेन्री गॉस यांचे ‘द अ‍ॅक्वेरियम’ 1854 मध्ये निघाले आणि इंग्लंडच्या दिवाणखान्यांत काचपेट्यांची साथच आली. समुद्रापासून लांब राहणाऱ्यांसाठी क्षार मिसळून समुद्रजल तयार करण्याची कृतीही गॉस यांनीच दिली. मुंबईत 1951 मध्ये मरीन ड्राइव्हवर तारापोरवाला मत्स्यालय सुरू झाले. तिथे समुद्र रस्ता ओलांडला की हजर होता.

समुद्र समोर दिसत असताना मीठ विकत घ्यायचे, ही गोष्ट मराठी मनाला सहजी पटत नाही. त्यामुळे किनाऱ्यावरच्या शहरांत नवशिक्याच्या पहिल्या आठवड्यात 20 लिटरचे कॅन घेऊन चौपाटी गाठण्याचा कार्यक्रम हमखास होतो. कमरेएवढ्या पाण्यात कॅन बुडवून उभ्या असलेल्या गृहस्थाकडे जीवरक्षक आणि भेळवाला दोघेही बराच वेळ पाहत राहतात. 200 लिटरसाठी असे दहा कॅन लागतात, आणि सोसायटीची लिफ्ट बंद पडायला याच संध्याकाळचा मुहूर्त लागतो. एवढे करून जे घरी येते, त्यात शहराचे सांडपाणी, गाळ, तेलाचा तवंग आणि पावसाळ्यात नाल्या-खाड्यांतून आलेले गोडे पाणी असे बरेच काही असते. किनाऱ्यापासून दूर, खोल समुद्रातले स्वच्छ पाणी चालते. पण त्याला होडी लागते, आणि होडीच्या भाड्यात मिठाच्या बादल्या येतात. शेवटी मीठच घेतले जाते.

ते मीठ स्वयंपाकघरातले चालत नाही. समुद्रात विरघळलेल्या क्षारांत सोडियम आणि क्लोराइड मिळून सुमारे 85 टक्के भरतात. उरलेल्या 15 टक्क्यांत सल्फेट, मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियम आणि इतर बारीकसारीक मंडळी येतात. पाण्याचा पीएच स्थिर राहणे, शंखांचे कवच वाढणे, झिंग्याला वेळेवर कात टाकता येणे, ही सगळी कामे याच 15 टक्क्यांच्या भरवशावर चालतात. प्रमाण लिटरला 35 ग्रॅम, म्हणजे 200 लिटरला 7 किलो. तयार मिश्रणात थोडा ओलावा असतो, म्हणून जरा जास्तच घालावे लागते. मीठ वेगळ्या पिंपात, पंप लावून, एक दिवस आधी कालवतात. माशांच्या डोक्यावर मुठीमुठीने मीठ टाकून पळीने ढवळणे ही पद्धत फक्त आमटीपुरती ठीक आहे. मग रिफ्रॅक्टोमीटरच्या काचेवर दोन थेंब टाकून, तो उजेडाकडे धरून, एक डोळा मिटून विशिष्ट गुरुत्वाचा आकडा वाचायचा: 1.025 च्या आसपास यायला हवा. हे साधन आधी 35 प्रमाणाच्या तयार द्रावणावर तपासून घेतात. तसे न करणाऱ्यांच्याही पेटीत आकडा नेहमी 1.025 च येतो, पाणी मात्र निराळेच असते.

मीठ ज्यात घालायचे ते पाणीही शुद्ध लागते. नळाच्या पाण्यात क्लोरीन असते, बोअरच्या आणि टँकरच्या पाण्यात बरेच क्षार असतात, आणि कुठूनही आलेल्या पाण्यात थोडे फॉस्फेट आणि सिलिकेट असू शकते, ज्यावर शेवाळ पोसते. म्हणून आरओ आणि पुढे उरलेसुरले क्षार टिपणारी डीआयची नळकांडी लावून टीडीएस शून्यावर आणतात. स्वयंपाकघरातल्या आरओचे पाणी या कसोटीला बहुधा उतरत नाही, कारण पाण्याला चव राहावी म्हणून ती यंत्रे थोडे क्षार मुद्दाम ठेवतात. शुद्ध पाण्याच्या प्रत्येक लिटरमागे दोन-तीन लिटर पाणी बाजूला पडते. त्या पाण्याने लादी पुसली जाते, गाडी धुतली जाते, गॅलरीतल्या कुंड्या भरतात, आणि घरात बादल्या कमी पडू लागतात.

पाणी तयार झाले की अमोनियाशी गाठ पडते. मासा तो प्रामुख्याने कल्ल्यांतून सोडतो, त्यामुळे नुसता श्वास घेत राहिला तरी पाणी बिघडवत असतो; जेवला तर जास्त. गोड्या पाण्याच्या पेटीतून बढती घेऊन आलेल्या माणसाला अमोनियाची ओळख असते, पण ती इथे पुरत नाही. पीएच 7 असलेल्या पाण्यात अमोनियाचा शेकडा एकाहूनही कमी हिस्सा विषारी रूपात असतो. समुद्राच्या पाण्याचा पीएच 8.2 च्या आसपास असतो आणि तिथे हाच हिस्सा दहापटीहून अधिक होतो. गप्पीने जे निभावून नेले, त्यात क्लाउनफिशचे कल्ले भाजून निघतात.

यावरचा इलाज जीवाणूंकडे आहे. त्यांचा एक गट अमोनियाचे नायट्राइट करतो, दुसरा नायट्राइटचे नायट्रेट. हे काम सजीवांचे आहे हे 1877 मध्ये श्लोझिंग आणि म्युन्त्स या दोन फ्रेंच शास्त्रज्ञांनी दाखवले. त्यांनी वाळू आणि चुनखडीने भरलेल्या नळीतून सांडपाणी झिरपू दिले. वीस दिवस काहीही झाले नाही. मग अमोनिया कमी होऊन नायट्रेट दिसू लागले. क्लोरोफॉर्मची वाफ सोडताच काम थांबले, आणि बागेतल्या मातीचा अर्क घातल्यावर पुन्हा सुरू झाले. 1890 च्या सुमारास विनोग्राद्स्की यांनी हे दोन टप्पे दोन निरनिराळे जीवाणू पार पाडतात हे सिद्ध केले. नवशिक्या आपल्या पेटीत हाच प्रयोग नव्याने करतो. मात्र वीस दिवस काही होत नाही म्हटल्यावर त्या दोघांनी दुकानदाराला रोज फोन लावला नव्हता.

हे जीवाणू सावकाश वाढतात. ई. कोलाय हा जीवाणू अनुकूल परिस्थितीत 20 मिनिटांत दुप्पट होतो. नायट्रेट बनवणाऱ्या मंडळींना तेवढ्यासाठी अर्ध्या दिवसापासून एक-दोन दिवस लागतात. म्हणून पेटी ‘सायकल’ व्हायला, म्हणजे तीत पुरेसे जीवाणू वसायला, चार ते सहा आठवडे धरतात. या काळात जीवाणूंना खायला अमोनिया हवा, आणि त्यासाठी जिवंत मासा वापरणे क्रूरपणाचे आहे. सर्वांत स्वस्त मार्ग म्हणजे एक कच्ची कोळंबी पाण्यात टाकून तिला सडू देणे. मराठी घरात हा टप्पा वाटतो तितका सोपा नाही. मासे खाणाऱ्या घरात बाजारभाव तोंडपाठ असलेली आजी पेटीसमोर येऊन उभी राहते आणि विचारते, “अरे, एवढी चांगली कोळंबी कुजवायची? कालवणात का नाही घातलीस?” शाकाहारी घरात कोळंबी उंबऱ्याच्या आत यावी कशी हाच प्रश्न असतो, तिथे अमोनियम क्लोराइडची बाटली आणून सोवळे सांभाळले जाते. चार दिवसांत कोळंबीवर पांढरा बुरा चढतो, पाणी दुधट होते आणि दारातून आत येणारा माणूस चपला काढता काढता थबकतो. मासे बघायला म्हणून आलेल्या पाहुण्यांना 200 लिटर पाणी, दोन पंप, निळे दिवे आणि मधोमध एक कुजकी कोळंबी दाखवून सरबत दिले जाते.

या जीवाणूंना चिकटून राहायला पृष्ठभाग लागतो, आणि सच्छिद्र दगडात तो भरपूर मिळतो. इंडोनेशियातल्या ली चिन एंग यांनी 1961 मध्ये समुद्रातले जिवंत दगड, समुद्राचे पाणी आणि हवेचे बुडबुडे एवढ्यावर पेटी चालवण्याची रीत जगापुढे मांडली. पुढे तिला स्किमर या फेसावाटे घाण काढणाऱ्या यंत्राची जोड मिळून बर्लिन पद्धत रूढ झाली. परदेशी व्हिडिओ पाहून आलेला नवशिक्या म्हणून दुकानात ‘लाइव्ह रॉक’ मागतो. भारतात 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत 2001 मध्ये दगडी प्रवाळ, समुद्रपंखे, समुद्रघोडे आणि समुद्रकाकड्या यांचा समावेश झाला, त्यामुळे प्रवाळखडकाचा तुकडा उचलून घरी आणणे हा गुन्हा आहे. इथे कृत्रिम किंवा सिरॅमिकचे दगड घ्यायचे आणि त्यांच्यात जीव यायची वाट पाहायची. वर्षभराने तेही दिसायला बरे होतात.

पेटीतून संपमध्ये पडणाऱ्या पाण्याच्या वाटेत कापडी पिशवी, स्पंज किंवा पांढरा फायबर लावतात. ही यांत्रिक गाळणी, आणि नवशिक्याचा सर्वांत जास्त विश्वास हिच्यावरच असतो, कारण हिचे काम डोळ्यांना दिसते. उरलेले खाणे, विष्ठा, शेवाळाचे तुकडे तिच्यात अडकतात आणि पाणी काचेगत नितळ होते. परंतु ही घाण गेलेली नसते. पाहुणे येणार म्हणताच पसारा दिवाणाखाली सरकवावा, तशी ती नजरेआड झालेली असते. पाणी अजूनही तिच्यातूनच वाहत असते, घाण तिथेच कुजत असते आणि तिचा अमोनिया पेटीत परत येत असतो. पिशवी दोन-तीन दिवसांनी बदलली तर ती गाळणी. महिनाभर तशीच राहिली, तर पंधरा दिवसांपूर्वीचे जेवण पाण्यात हळूहळू परत करणारे ते यंत्र ठरते. उलट ज्या स्पंजमध्ये किंवा सिरॅमिकच्या नळ्यांमध्ये जीवाणू वसले आहेत, ते नळाखाली क्लोरीनच्या पाण्यात खसाखसा धुण्याचा उत्साह घरातला सर्वांत टापटिपीचा माणूस दाखवतो. ते पेटीतून काढलेल्या पाण्यातच खळबळून घ्यायचे असतात.

घाण खरोखर पाण्याबाहेर काढणारे यंत्र म्हणजे प्रोटीन स्किमर, आणि खाऱ्या पाण्याच्या हौसेतले हे खरे नवल आहे. प्रथिने, तेलकट द्रव्ये आणि इतर सेंद्रिय पदार्थांच्या रेणूंचे एक टोक पाण्याकडे ओढ घेते, दुसरे पाण्यापासून पळते. पाण्यात बारीक बुडबुडे सोडले की असे रेणू हवा आणि पाणी यांच्या सीमेवर जाऊन चिकटतात. स्किमरचा पंप हवा ओढून तिचा चुरा करतो, उभ्या नळकांड्यात दुधासारखा पांढरा लोट वर चढतो, माथ्याशी त्याचा घट्ट फेस होतो आणि तो फेस घाणीसकट वरच्या कपात ओसंडतो. समुद्राच्या काठी लाटांबरोबर जो पिवळट फेस येतो, तोही याच नियमाने बनतो. गोड्या पाण्यात बुडबुडे एकमेकांत मिसळून मोठे होतात आणि फुटतात, म्हणून तिथे स्किमर जवळपास निकामी असतो.

स्किमर आणल्यावर पहिला आठवडाभर काहीच करत नाही. नव्या प्लॅस्टिकवरचा तेलकटपणा जाईपर्यंत फेस धरत नाही. मग एके रात्री अचानक इतका फेसाळतो की कप भरून संपमध्ये सांडतो. त्याचा तळ पाण्यात किती बुडावा याचे गणित बोटभर चुकले तरी चालत नाही. सगळे जुळून आले आणि कप रोज भरू लागला, की घरातल्या कोणीतरी दुपारी कांदाभजी खाऊन तेलकट बोटांनी पेटीतला दगड सरळ करायचा अवकाश, फेस बसतो तो काही तासांनीच उठतो. कपात साचणारा द्रव काळपट हिरवा असतो. त्याचा वास एकदा घेतला की समजते की हे सगळे काल मासा नाकातोंडात घेत होता. कप रिकामा करणे हे काम घरात कोणी आपणहून मागून घेत नाही, आणि चुकून तो हॉलच्या गालिच्यावर कलंडला तर मत्स्यपेटी ठेवावी की नाही या विषयावर त्याच रात्री चर्चा होते.

स्किमरला न सापडणारी पिवळसर छटा आणि वास घालवायला सक्रिय कोळशाची पुडी लावतात. ती तीन-चार आठवड्यांत भरून जाते आणि तेव्हा टाकून द्यायची असते. धुऊन, वाळवून पुन्हा वापरण्यात काही हशील नसते, तरी ती गच्चीवर वाळत घातलेली आढळते.

आता नायट्रेट. जीवाणूंनी अमोनियाचे नायट्रेट केले, आणि पुढे त्याला फारसा कोणी वाली नाही. दगडांच्या आत प्राणवायू पोहोचत नाही तिथे काही जीवाणू त्याचा नायट्रोजन वायू करून सोडतात, शेवाळ थोडे खाते. बाकीचे साठत जाते. त्याचा हिशेब एकदा कागदावर मांडण्यासारखा आहे. माशांच्या कोरड्या खाद्यात साधारण 45 टक्के प्रथिने असतात आणि प्रथिनांत 16 टक्के नायट्रोजन. रोज 1 ग्रॅम खाद्य टाकले आणि त्यातला सगळा नायट्रोजन अखेर नायट्रेट झाला असे धरले, तर 200 लिटरमध्ये नायट्रेट दिवसाला सुमारे 1.6 पीपीएम वाढते, आठवड्याला 11. नुसते मासे असलेल्या पेटीत ते 20 ते 40 च्या खाली ठेवावे असे मानतात. दर आठवड्याला 10 टक्के पाणी बदलणारा माणूस स्वतःला नियमित समजतो. पण 10 टक्के पाणी काढले की नायट्रेटही 10 टक्केच जाते, त्यामुळे आठवड्याची 11 ची भर आणि दहावा हिस्सा यांची तोंडमिळवणी 110 च्या वर कुठेतरी होते. 20 टक्के बदलले तर 55 च्या आसपास. खाद्य अर्ध्यावर आणले, तर एकही जास्तीची बादली न उचलता हे दोन्ही आकडे निम्म्यावर येतात.

इथे गाडे अडते. मराठी घरात कोणाला उपाशी ठेवणे जमत नाही, आणि मासा तर माणूस जवळ आला की काचेशी येऊन तोंड उघडझाप करतो. सकाळी वडील चिमूटभर टाकतात. दुपारी आजी, “बिचारे कधीपासून बघतायत माझ्याकडे,” म्हणून आणखी चिमूटभर टाकते. संध्याकाळी शेजारची मुले येतात आणि डबा उलटा करतात. प्रत्येकाची चिमूट वेगवेगळ्या मापाची असते आणि कोणी कोणाला सांगत नाही. खाद्याचा डबा कुलपात ठेवण्याची शिफारस यंत्रांच्या कुठल्याच माहितीपत्रकात नसते, पण किमतीच्या मानाने तिच्या तोडीचे दुसरे साधन बाजारात नाही.

काढलेले पाणी न्हाणीघराच्या मोरीत ओततात. त्यात नायट्रेट असते, म्हणजे एक प्रकारे खतच, असा विचार करून ते तुळशीला घालणाऱ्याची तुळस लवकरच जाते. खत नावालाच असते, लिटरमागे 35 ग्रॅम मीठ मात्र पूर्ण असते.

पाणी बदलणे आणि पाणी भरणे यांत नवशिक्याचा घोटाळा ठरलेला. पेटीतून रोज पाण्याची वाफ होते. मीठ उडत नाही, मागे राहते. म्हणून घटलेल्या पाण्याची भरपाई शुद्ध गोड्या पाण्याने करायची. समुद्र आहे म्हणून खारे पाणीच भरत गेल्यास महिन्याभरात पेटीतला समुद्र अरबी न राहता मृत समुद्राच्या वाटेला लागतो. काठांवर, वायरींवर आणि झाकणावर मिठाचे पांढरे थर चढतात, ते ओल्या फडक्याने पुसावे लागतात, आणि वायरीवरून ओघळ प्लगपर्यंत जाऊ नये म्हणून वायरीला खाली झोळ द्यावा लागतो.

तापमानाचा त्रास पुस्तकांपेक्षा इथे उलटा आहे. युरोपातली पुस्तके हीटरवर प्रकरणे लिहितात. मेमधल्या महाराष्ट्रात 24 ते 27 अंशांवर पाणी टिकवण्यासाठी ते थंड करावे लागते. कोमट खाऱ्या पाण्यात प्राणवायूही कमी मावतो: 25 अंशांना गोड्या पाण्यात लिटरला सुमारे 8.3 मिलिग्रॅम, समुद्राच्या पाण्यात 6.7. पाण्यावर पंखा लावला की बाष्पीभवनाने दोन-तीन अंश उतरतात. नागपूरच्या कोरड्या उन्हाळ्यात ही युक्ती छान चालते. मुंबईत हवाच इतकी दमट असते की पंखा फिरतो आणि पाणी तसेच राहते. तिथे चिलर लागतो. चिलर पाणी थंड करतो आणि उष्णता खोलीत सोडतो, मग खोलीसाठी एसी लावला जातो. पहिल्यांदाच माशांच्या निमित्ताने घरातल्या सगळ्यांना दुपारी एसीत झोपायला मिळते आणि हौसेला घरातून असलेला विरोध बराच मावळतो.

एसी लावला की खिडक्या बंद होतात. बंद खोलीत माणसांच्या श्वासाने कार्बन डायऑक्साइड साठतो, तो पाण्यात उतरतो आणि पीएच 8.2 वरून 7.8 पर्यंत घसरतो. नवशिक्या पीएच वाढवण्याची बाटली आणतो, पीएच रात्रीपुरता चढतो आणि सकाळी परत उतरतो. खिडकी तासभर उघडली तरी तो फरक पडतो, पण खिडकी उघडण्याचे पैसे घेता येत नसल्याने दुकानदार ते सुचवत नाही. उघड्या खिडकीतून डास येतात. मग डासांवर फवारा मारला जातो, आणि त्यातली पायरेथ्रॉइड जातीची रसायने मासे आणि झिंगे यांना अत्यंत विषारी असतात. हवा ओढणारे पंप आणि स्किमर खोलीतली हवा सरळ पाण्यात नेतात. सोसायटीच्या पेस्ट कंट्रोलची तारीख म्हणून पेटीशेजारी लिहून ठेवावी लागते.

पाणी कसे आहे हे डोळ्यांनी कळत नाही. विषारी पाणीही छान नितळ दिसते. त्यासाठी चाचणी संच असतो: छोट्या काचनळीत 5 मिलिलिटर पाणी, बाटलीतले मोजून थेंब, झाकण लावून हलवणे, पाच मिनिटे थांबणे आणि आलेला रंग छापील पट्टीशी जुळवणे. अमोनिया पिवळ्यापासून हिरव्याकडे जातो. इंजिनिअर मुलगा नळी ट्यूबलाइटखाली धरतो, मग खिडकीपाशी नेतो, मग मोबाइलवर फोटो काढून पाहतो आणि “पिवळाच आहे, थोडासा हिरवट” असा निकाल देतो. घरातली वडीलधारी बाई चष्मा कपाळावर सरकवून एकदाच बघते. “श्रीखंडी नाहीये हा, लिंबूकलर पण नाही. पोपटीकडे झुकलाय. बदल तुझं पाणी.” साड्यांच्या दुकानात चाळीस वर्षे अबोली आणि गुलाबी, डाळिंबी आणि मरून यांतला फरक करत आलेल्या नजरेपुढे छापील पट्टीवरच्या सहा चौकोनांचे काही चालत नाही. नायट्रेटचा नारिंगी कितपत केशरी आहे आणि तो लालाकडे कधी वळला, हेही तीच सांगू शकते. अमोनिया आणि नायट्राइट शून्य, नायट्रेट थोडेसे, असे निकाल सलग काही दिवस आले की सायकल पूर्ण झाली.

याच सुमारास काचेवर आणि वाळूवर तपकिरी थर चढतो. हे डायटम; पाण्यातल्या सिलिकेटवर वाढतात आणि ते संपले की आपोआप ओसरतात. मग हिरवे केसाळ शेवाळ येते. नव्या पेटीचे हे बालपण दोन-चार महिने चालते. ते घालवण्याची औषधे भरपूर मिळतात. त्यांतली तांबे असलेली झिंगे आणि शंख मारतात, आणि दगडांत मुरलेले तांबे पुढे कित्येक महिने निघत राहते. टर्बो जातीचे चार-पाच शंख सोडून वाट पाहणे यापेक्षा बरे.

लाइट जाण्याची तयारी पाणी भरतानाच करावी लागते. पंप थांबला की नळ्यांतले आणि पेटीच्या वरच्या पट्टीतले पाणी खाली संपमध्ये उतरते. संप काठोकाठ भरलेला असेल, तर ते पाणी तिथून फरशीवर आणि फरशीवरून खालच्या मजल्याच्या छतावर जाते. खालचे काका वर येऊन छतातून गळणारे पाणी खारे कसे, असे विचारतात, तेव्हा प्लंबरला दोष देण्याची सोय उरत नाही. म्हणून पंप मुद्दाम बंद करून संप कुठवर चढतो ते पाहायचे आणि त्या मानाने चालू स्थितीतल्या पातळीची खूण मार्करने काचेवर करायची. लाइट दोन तासांहून जास्त गेली तर जीवाणू आणि मासे दोघांचाही प्राणवायू संपत येतो. बॅटरीवर चालणारा हवेचा छोटा पंप त्यासाठी घरात असावा लागतो. इन्व्हर्टर असेल तर पेटीचा पंप त्यावर घ्यावा की टीव्ही, हा निर्णय क्रिकेटचा मोसम पाहून होतो.

एवढे झाल्यावर मासा येतो. क्लाउनफिशची पैदास भारतातही बंदिस्त टाक्यांत होते; असा मासा खाद्याला सरावलेला असतो आणि समुद्रातून पकडलेल्यापेक्षा काटक निघतो. चित्रपट पाहून मागितला जाणारा निळा टँग 30 सेंटिमीटरपर्यंत वाढतो, तो तीन फुटांच्या पेटीत आणायचा नसतो. सुरुवात एका किंवा दोन क्लाउनफिशनी करतात, कारण जीवाणूंची संख्या मिळणाऱ्या अमोनियाइतकीच असते आणि वाढलेल्या पंगतीला सावरायला तिला दिवस लागतात. दुकानातून आणलेली पिशवी अर्धा तास पाण्यावर तरंगत ठेवायची, मग तिच्यात थोडे थोडे पेटीतले पाणी घालत तासभर जाऊ द्यायचा आणि मासा जाळीने उचलून आत सोडायचा. पिशवीतले पाणी मोरीत ओतायचे, कारण प्रवासात साठलेला अमोनिया त्यात असतो आणि दुकानातल्या औषधाचे तांबेही असू शकते. पहिल्या दिवशी मासा दगडामागे जाऊन बसतो आणि काही खात नाही. दिवे बंद ठेवतात, खाद्य टाकत नाहीत. दुसऱ्या दिवशी चिमूटभर, तिसऱ्या दिवशी चाचणी. पुढचा मासा किमान दोन आठवड्यांनी, तोही अमोनियाची नळी तोवर श्रीखंडीवरून हलली नसेल तर.